दह्याचा जंतू, गटाराचा जंतू

सूक्ष्मजीवांविषयी आपल्याकडे जे लोकशिक्षण चालते, त्याची जात मला तपासावीशी वाटते. 2012 साली हैदराबादला जैवविविधता परिषद भरली असताना दह्यातला लॅक्टोबॅसिलस भारताचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव म्हणून जाहीर झाला. निवड केली होती ती 'सायन्स एक्स्प्रेस' ही प्रदर्शनाची गाडी पाहायला आलेल्या मुलांनी. मुलांना दोष देण्याचे कारण नाही. आपले लोकविज्ञान जी यादी घोकते, ती दही, इडलीचे पीठ, पाव अशी स्वयंपाकघरातून निघते आणि पेनिसिलीनच्या निमित्ताने फार तर दवाखान्यापर्यंत जाते. मोरीच्या पलीकडे ती उतरत नाही.

तिथे काय घडते? तुंबलेल्या गटाराच्या गाळात प्राणवायू उरत नाही. मग सल्फेटवर जगणारे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते, वास येईनासा होतो, आणि आत उतरलेल्याला वाटते, धोका टळला. त्याला काढायला उतरलेला दुसराही पुष्कळदा वर येत नाही. हेही दैनंदिन जीवनातलेच सूक्ष्मजीवशास्त्र आहे. फक्त ते जीवन दही विरजणाऱ्या घरातले नव्हे.

संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरवले. तरी 2023 साली सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरवावी लागली. जंतूंची 'मित्र' आणि 'शत्रू' अशी वाटणी करणाऱ्यांनी, माणसाला खाली धाडणारा कोणत्या रकान्यात बसतो, तेही सांगावे. आणि पुढच्या प्रदर्शनात विरजणाशेजारी गटाराच्या गाळाची एक बंद बरणी ठेवून पाटीवर त्या वायूचे नाव लिहावे.