जामिनी रॉय : पटातील रेषा आणि प्रभूची मुद्रा

बंगालमधील बांकुडा जिल्ह्यात १८८७ साली जन्मलेले जामिनी रॉय कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत शिकले व पाश्चात्त्य धर्तीची व्यक्तिचित्रे रंगवू लागले. १९२०च्या दशकात त्यांनी ती रुळलेली वाट सोडली आणि कालीघाटच्या देवळापाशी यात्रेकरूंना विकल्या जाणाऱ्या पटांकडे ते वळले. या वळणावरील त्यांच्या चित्रांत एकच डौलदार काळी रेषा माता व बालक साकार करते. छायाप्रकाशाचा खेळ नाही की पार्श्वभूमीचा पसारा नाही.

पुढे त्यांनी ख्रिस्त रेखाटला तो याच रेषेने, अशाच टपोऱ्या डोळ्यांचा. चित्रकार स्वतः ख्रिस्ती नव्हते. प्रभूच्या मुद्रेवर वेदना शोधणारा भाविक येथे काहीसा निराश होईल, कारण ही शैली अश्रू ढाळत नाही. ती तिची मर्यादाच होय. परंतु हा ख्रिस्त आपल्याला परका वाटतो, तो केवळ तेवढ्यामुळे का? घरातील वेदीवरच्या परदेशी तसबिरींना सरावलेली आपली नजरही त्याला कारण असावी. यात्रेकरूच्या पटाने प्रभूला सहज आपले म्हटले. आपण अजून अडखळतो.