ओमेगा-३ आणि दमा: डेन्मार्कचा पेपर महाडमध्ये वाचताना

बिसगार्ड आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा पेपर काढा. ७३६ गरोदर बायका; निम्म्यांना रोज २.४ ग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. पुढे मुलांमध्ये दमा किंवा सततची घरघर: १६.९ टक्के विरुद्ध २३.७. बातम्या इथेच थांबल्या. तुम्ही थांबू नका. ज्या आयांच्या रक्तात ओमेगा-३ मुळातच सर्वांत कमी होतं, त्यांच्यात फरक मोठा: १७.५ विरुद्ध ३४.१. बाकीच्यांत ठळक फायदा दिसलाच नाही.

म्हणजे महाड-पोलादपूरसाठी पहिला प्रश्न 'गोळी द्यायची का' हा नाहीच; इथली सुरुवातीची पातळी किती, हा आहे. प्रश्नावलीत 'मासे खाता का? हो/नाही' एवढंच विचारलंत तर काय कळणार? तारली-बांगडा तेलकट, बोंबील नाही. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुकटीवर भागतं. माळकरी घरात तर तेही नाही. शिवाय फोडणीला सोयाबीन की सूर्यफूल? त्यातल्या ओमेगा-६ पासूनच शरीर अ‍ॅराकिडोनिक आम्ल बनवतं आणि त्यातून श्वासनलिका आवळणारी ल्युकोट्राइन्स.

चुलीचा धूर आणि एमआयडीसीची हवा वेगळी नोंदवा, नाहीतर सगळं श्रेय माशाला जाईल. रक्ततपासणीला पैसे नसतील तर निदान कुठला मासा, कुठल्या महिन्यात, आठवड्यातून किती वेळा, हे तरी विचारा.