नित्य आणि नैमित्तिक

आपल्याकडे कर्मांची विभागणी नित्य आणि नैमित्तिक अशी करतात. रोज न चुकता करायचे ते नित्य, काही निमित्ताने करायचे ते नैमित्तिक. इंग्लंडमधल्या आजच्या चर्चसंगीताची पारख करताना ही जोडी फार उपयोगी पडते. नैमित्तिकाच्या बाजूने पाहिले तर या कलेला सुगीचे दिवस आहेत. १९ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीत ज्युडिथ वीअर आणि जेम्स मॅकमिलन यांच्या नव्या रचना वेस्टमिन्स्टर ॲबीत गायल्या गेल्या. पुढच्या मे महिन्यात राजा चार्ल्स यांच्या राज्याभिषेकासाठी बारा नव्या रचना करवून घेतल्या होत्या. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात नाताळच्या उपासनेसाठी दरवर्षी एक नवे कॅरल लिहवून घेण्याची प्रथा स्टीफन क्लिओबरी यांनी १९८३ मध्ये पाडली. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजाने २०१४ साली, आपल्या स्थापनेला साडेसातशे वर्षे झाली तेव्हा, पन्नासहून अधिक नव्या रचनांचा संग्रहच उभा केला. इतके सारे लिहिले जात असताना तक्रार कसली करायची? तक्रार निर्मितीबद्दल नाहीच. या संगीताचा जीव रोजच्या उपासनेत आहे, आणि नव्या रचनेला मिळणारे पैसे, प्रसिद्धी आणि कौतुक मात्र सणासमारंभांकडे वाहते, हे माझे म्हणणे आहे.

रोजची उपासना म्हणजे ‘इव्हनसाँग’, अँग्लिकन चर्चची सायंप्रार्थना. कॅथीड्रलांत आणि जुन्या कॉलेजांच्या चॅपलांत ती आठवड्यातल्या बहुतेक दिवशी गाऊन होते. दाऊदाची स्तोत्रे, मग मरीयेचे स्तोत्र आणि वृद्ध शिमोनाचे स्तोत्र, शेवटी एक स्वतंत्र समूहगान, असा तिचा ठरलेला क्रम. गायकवृंदात वरच्या पट्टीला शाळकरी मुले किंवा मुली, खाली प्रौढ गायक. उपासनेआधी थोडा वेळ तालीम होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळे गाणे वेगळे. अशा ठिकाणी लिहिणाऱ्या संगीतकाराला शब्द निवडायची मुभा जवळजवळ नसते, वेळेची चैन नसते, आणि दगडी इमारतीचा घुमारा त्याच्या प्रत्येक सुरात हस्तक्षेप करतो. हर्बर्ट हॉवेल्स यांनी हेच अडथळे आपले साहित्य मानले. १९४५ मध्ये किंग्ज कॉलेजसाठी त्यांनी सायंस्तोत्रांची, म्हणजे मरीयेच्या आणि शिमोनाच्या स्तोत्रांची, जी रचना केली तिथून पुढे त्याच दोन स्तोत्रांना त्यांनी कितीतरी वेळा नवे स्वर दिले, आणि बहुतेक वेळी डोळ्यांसमोर एक विशिष्ट वास्तू होती. लंडनच्या सेंट पॉल्ससाठी १९५१ मध्ये लिहिताना घुमटाखाली रेंगाळणारा नाद हिशेबात धरून त्यांनी स्वरमेळ सावकाश बदलू दिले. त्याच शब्दांची ग्लॉस्टरसाठी केलेली रचना वेगळ्याच चालीने पुढे सरकते. एकच बंदिश वेगवेगळ्या गायकांच्या गळ्यात वेगळी होते, तसे इथे एकच स्तोत्र वेगवेगळ्या इमारतींत वेगळे झाले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. उपयोगाला जुंपलेले संगीत सोपे, गोड आणि भित्रे होते. धाडस करायचे तर मैफलीचा मंच हवा. जॉन रटर यांच्या लोकप्रियतेकडे किंवा जॉन टॅव्हनर यांच्या पठडीतल्या संथ, धूसर सुरावटींच्या असंख्य अनुकरणांकडे बोट दाखवून हे सहज सांगता येते, आणि त्यात तथ्य आहे. मंदपणा म्हणजे गूढता असा समज झालेल्या रचना आज उदंड आहेत. पण दोष उपयोगाचा असता तर जोनथन हार्वी यांचे विंचेस्टरमधले काम शक्यच झाले नसते. त्यांचा मुलगा तिथल्या कॅथीड्रलच्या वृंदात गात असे, संचालक मार्टिन नीरी यांच्याशी त्यांचे सूत जमले होते, आणि तो वृंद काय पेलू शकतो हे त्यांना नेमके माहीत होते. १९७६ च्या ‘आय लव्ह द लॉर्ड’मध्ये वृंदाचा एक भाग एकच साधा स्वरमेळ धरून ठेवतो आणि दुसरा त्यापासून दूर, विसंवादाकडे सरकत जातो. दोन वर्षांनी लिहिलेल्या सायंस्तोत्रांत तर बोललेले शब्द आणि घसरते सूर आले. हा धीटपणा ओळखीतून आलेला आहे. उलट किंग्जच्या कॅरलांपैकी ज्युडिथ वीअर यांची १९८५ ची रचना किंवा आर्वो पॅर्ट यांची १९९० ची चिमुकली रचना देशोदेशींच्या वृंदांनी आपलीशी केली, आणि हॅरिसन बर्टविसल यांचे २००३ चे कॅरल मात्र त्या दिवसापुरते राहिले. बर्टविसल मोठे संगीतकार होते यात शंका नाही. पण वीअर आणि पॅर्ट यांच्या रचनांना दुसरे घर मिळाले, कारण परक्या वृंदालाही उचलता येईल अशी मूठ त्यांना होती.

ऑर्गनच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच ठसठशीत होतो. मराठी वाचकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटकातली पायपेटी आठवते. इथे मात्र हजारो नळ्यांचे, इमारतीत रुजलेले वाद्य अभिप्रेत आहे. इंग्लंडमध्ये उपासना संपताना ऑर्गनवादक जे वाजवतो ते बहुतेकांच्या गप्पांत बुडून जाते, त्यामुळे ऑर्गनची महत्त्वाकांक्षी नवी रचना वाद्यवादनाच्या मैफलीकडे वळली आहे. तिला उपासनेत जागा कशी मिळते याचे उत्तर पॅरिसमध्ये सापडते. ऑलिव्हिए मेसियाँ १९३१ पासून १९९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सेंट ट्रिनिते चर्चचे ऑर्गनवादक होते. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत, आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्याची तिथली रीत. वर्षानुवर्षांच्या या उत्स्फूर्त वादनातून १९५० च्या सुमारास त्यांचा ‘मेस द ला पाँतकोत’ आकाराला आला. प्रवेश, अर्पण, पवित्रीकरण, प्रभुभोजन आणि प्रस्थान हे त्याचे पाच भाग म्हणजे मिस्सेचेच टप्पे. ऑर्गनच्या साहित्यातली ही अत्यंत धाडसी कृती, आणि तिच्या अर्पणाच्या भागात मेसियाँ यांनी शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’तले देशी ताल योजले आहेत; त्यांतल्या एकाचे नाव निःशंकलील. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत लिहिला गेला. देवगिरीचे ताल पॅरिसच्या उपासनेत उमटले ते मेसियाँ यांच्या अभ्यासामुळे, पण तिथल्या रविवारच्या रिवाजाने त्यांना जागा ठेवली होती म्हणूनही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रशिक्षित वृंदाने गायचे आणि भाविकांनी मुकाट बसायचे, ही उपासना कोणाची? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने पाइप ऑर्गनचा मान राखला, पण भाविकांच्या सहभागावर मोठा भर दिला. त्यानंतर अनेक कॅथलिक चर्चमध्ये गिटार आणि सोपी गीते आली. ऐकणे हाही सहभागच, हे कीर्तनाच्या श्रोत्याला वेगळे सांगायला नको; तरी सगळ्यांना गायची इच्छा असते तिचा मान राखला पाहिजे. मॅकमिलन यांनी दोन्ही केले. २०१० च्या पोपभेटीसाठी त्यांनी भाविकांना गाता येईल अशी मिस्सा लिहिली, ग्लासगोच्या एका साध्या पॅरिश चर्चच्या छोट्या वृंदासाठी स्तोत्रे रचली, आणि ‘स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स’मध्ये हौशी गायकांना झेपेल असे कसदार गाणे दिले. राहिला श्रद्धेचा प्रश्न: रचनाकार श्रद्धाळू हवा का? अज्ञेयवादी व्हॉन विल्यम्स यांची १९२१ ची मिस्सा उपासनेत आजही गायली जाते, एवढे उत्तर पुरे.

खरी भीती पैशाची आणि माणसांची आहे. २०२० मध्ये शेफील्ड कॅथीड्रलने आपला गायकवृंदच बरखास्त केला. नैमित्तिक रचनेला देणगीदार मिळतो, कारण तिच्यावर तारीख आणि नाव कोरता येते. वर्षभराच्या तालमीवर ते कोरता येत नाही. पण नित्याच्या अंगाने बदल घडला की तो दूरवर जातो. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा वृंद उभा केला, मग एकेक कॅथीड्रल त्या वाटेने गेले, आणि आज लिहिणाऱ्यासमोर तेव्हापेक्षा अधिक गळे आहेत. म्हणून नवे कॅरल मागवणाऱ्या प्रत्येक संस्थेने त्यासोबत दोन कमी झगमगत्या गोष्टी मागवाव्यात: सायंस्तोत्रांची एक नवी रचना, आणि मिस्सेत किंवा सायंप्रार्थनेत खरोखर वाजवता येईल असा ऑर्गनचा एक छोटा तुकडा. मानधन देताना एक अटही घालावी, की पहिल्या सादरीकरणानंतर वर्षभरात ती रचना आणखी तीनदा गायली जावी, तीही कोणताही सण नसलेल्या दिवशी. हॉवेल्स आणि हार्वी यांना मिळालेली मोठी देणगी हीच होती: उद्या पुन्हा गाणारा वृंद.