भिंतीवरचे ताट आणि शाळेतले ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठीची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे मे २०२४ मध्ये नव्याने प्रसिद्ध केली. त्यातले दिवसभराच्या आहाराचे ताट दाखवणारे चित्र वर्गात टांगायला सोयीचे आहे. पण टांगण्यापूर्वी ते नीट वाचायला हवे, असे आम्हाला वाटते.

आधी त्याचे गुण. आपल्या पाठ्यपुस्तकांत बहुधा 'प्रथिने शरीर बांधतात, कर्बोदके ऊर्जा देतात' एवढ्यावरच धडा संपतो. मुले ते पाठ करतात, पण जेवताना त्याचा उपयोग होत नाही. हे ताट पोषकद्रव्यांऐवजी पदार्थांबद्दल बोलते, आणि तेही ग्रॅममध्ये. २००० किलोकॅलरींसाठी तृणधान्ये २५०, डाळी-कडधान्ये ८५, भाज्या ४००, फळे १००, सुका मेवा व तेलबिया ३५, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. तृणधान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त ऊर्जा येऊ नये, असेही पुस्तिका सांगते. हे मोजता येते, म्हणून तपासताही येते.

आम्ही तपासून पाहिले. शालेय पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातून ४५० किलोकॅलरी अपेक्षित आहेत. म्हणजे २००० च्या २२.५ टक्के. त्याच हिशेबाने भिंतीवरच्या ताटातून सुमारे ५६ ग्रॅम धान्य, १९ ग्रॅम डाळ, ९० ग्रॅम भाजी आणि ६ ग्रॅम तेल यायला हवे. डाळ आणि तेल जवळजवळ बरोबर निघाले, याचे आम्हालाही आश्चर्य वाटले. भाजी मात्र निम्म्याच्या आसपास आणि धान्य जवळजवळ दुप्पट! १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे तीन चतुर्थांशाहून अधिक ऊर्जा एकट्या भातातून. दूध, फळे, तेलबिया या प्रमाणात नाहीतच. वाढत्या मुलांच्या गरजा मोठ्यांसारख्याच नसतात, त्यामुळे हा ताळा ढोबळ आहे. पण झुकाव कुठे आहे, ते दिसतेच.

हा झुकाव अज्ञानामुळे आहे का? धान्यातून पोट सर्वांत स्वस्तात भरते, हे कोणत्याही आईला ठाऊक असते. डाळी महाग पडतात म्हणून लोक धान्यावर अवलंबून राहतात, हे पुस्तिकेलाही मान्य आहे. ताटाच्या चित्रात मात्र किंमत कुठेच नाही. त्यामुळे ते पाहणाऱ्याला वाटते, की चुकीचे खाणे हा केवळ खाणाऱ्याचा दोष. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

याचा वर्गाशी थेट संबंध आहे. हे चित्र दाखवून 'काल रात्री तुम्ही काय जेवलात?' असे विचारले, तर ज्या घरी नुसती भाकरी आणि चटणी होती, ते मूल गप्प बसेल किंवा खोटे सांगेल. संतुलित आहाराच्या धड्यातून ते शरमच शिकेल.

त्यापेक्षा सर्वांचे समान असलेले शाळेतलेच जेवण घ्यावे. तागडीने तांदूळ, डाळ, भाजी तोलावी, बाजारभाव लिहावेत, आणि मुलांना विचारावे: भिंतीवरच्या ताटाजवळ जायला यात काय वाढवावे लागेल, त्याला किती पैसे लागतील, आणि ते कोणी द्यायचे? मूठभर शेंगदाणे, परसातला शेवग्याचा पाला अशी उत्तरे मुलेच काढतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मोठ्यांनाच द्यावे लागेल.