न दिसण्याचे कपडे

समीक्षकाचं काम तसं सोपं असतं. पुस्तक समोर असतं, नाटक समोर घडतं, चित्र भिंतीवर टांगलेलं असतं. आवडलं नाही तर 'लेखकाकडून अजून अपेक्षा आहेत' असं लिहून मोकळं होता येतं. पण ज्या कलाकृतीचं सगळं यश ती कोणाला न दिसण्यात आहे, तिचं परीक्षण करायचं कसं? दिसली तर ती फसली, आणि नाही दिसली तर लिहायचं कशावर? शिकारी लोक अंगात घालतात ते पानाफांद्यांचे, डागाडागांचे पोशाख, ज्यांना कॅमोफ्लाज म्हणतात, ही अशी अवघड कला आहे.

मी बँकेत कारकून आहे, त्यामुळे न दिसण्याशी माझा अगदीच परिचय नाही असं नाही. पासबुक छापायचं यंत्र बंद पडलं आणि काउंटरपुढे रांग लागली, की आमच्याकडची चांगली धट्टीकट्टी माणसं कपाटं आणि फायलींच्या पार्श्वभूमीत अशी काही विरघळतात की मॅनेजरलाही सापडू नयेत. पण ती अंगभूत कला झाली. रोख पैसे मोजून अदृश्य होणारी माणसं वेगळी.

त्यांच्यात आता माझा भाचा सामील झाला आहे. तो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. तिथं नोव्हेंबर संपता संपता बंदुकीनं हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. कचेरीतल्या मित्रांच्या नादानं यानंही रीतसर शिक्षण घेतलं, परवाना काढला आणि मला पोशाखांचा एक जाडजूड कॅटलॉग पाठवून दिला. "मामा, तू सगळ्यावर टीका करतोस ना? मग यातला कुठला घेऊ ते सांग." ताईला, म्हणजे त्याच्या आईला, हे कळलं तेव्हा तिनं दोनच प्रश्न विचारले. "हरणानं तुझं काय घोडं मारलंय?" आणि "झाडीत तुला कोणी हरीण समजून गोळी घातली तर?" पहिल्या प्रश्नाला भाच्याकडे लांबलचक उत्तर आहे. लांडगे संपले, हरणं वाढली, किती मारायची ते सरकार ठरवतं, मांस वाया जात नाही वगैरे. ताईला ते पटलेलं नाही, आणि त्या खटल्यात न्यायाधीश व्हायची माझी तयारी नाही. दुसरा प्रश्न मात्र थेट कपड्यांचाच आहे, म्हणून मी कॅटलॉग उघडला.

या कलेचा आरंभ चिंध्यांपासून होतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात साहेबाबरोबर शिकारीला जाणाऱ्या गड्याला तिथल्या गेलिक भाषेत 'गिली' म्हणत. मूळ अर्थ पोरगा, नोकर. साहेबाला हरणाच्या टप्प्यात नेऊन पोचवायचं, हे त्याचं काम. १९०० साली बोअर युद्धासाठी लॉर्ड लोव्हॅट यांनी डोंगरातल्या अशा गड्यांची लोव्हॅट स्काउट्स नावाची पलटण उभी केली, आणि चिंध्यांचा पोशाख पहिल्या महायुद्धात नेमबाजांच्या अंगावर चढला. त्याला आजही 'गिली सूट' म्हणतात. पलटणीला साहेबाचं नाव आणि चिंध्यांना गड्याचं. खतावणी लिहावी तर अशी!

हा सूट घरी करता येतो. जुना अंगभर डगला घ्यायचा, पाठीवर आणि खांद्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं शिवायचं. गोणपाटाच्या पट्ट्या कापून, त्यांचे दोरे उसवून, तीनचार तपकिरी-हिरव्या छटांत रंगवून त्या जाळ्याला गाठी मारायच्या. पुढची बाजू मोकळी ठेवायची, कारण सरपटायचं पोटावर असतं. कोपरांना आणि गुडघ्यांना कॅनव्हासची ठिगळं लावायची. मग सगळं प्रकरण चिखलात लोळवून त्याचा नवेपणा घालवायचा, आणि जिथं बसणार तिथलंच गवत, तिथल्याच काटक्या वरून खोवायच्या. धनुष्यबाणानं शिकार करणाऱ्यानं प्रत्यंचेच्या बाजूचे दोरे छाटायचे, नाहीतर बाण सुटायचा राहतो आणि दाढीच ओढली जाते. भिजला की सूट ओझं होतो, आणि वाळला की पेटायला काडीचा अवकाश. म्हणून त्यावर आग न धरणारं रसायन मारतात. त्या काळी बंगालचा ताग डंडीच्या गिरण्यांत जाऊन त्याचं गोणपाट होई. तेव्हा आपलं साखरेचं पोतं आणि हा सूट यांचं गोत्र एकच म्हणायला हरकत नाही. समीक्षक म्हणून माझं मत चांगलं आहे. ही लोककला आहे. करणारा स्वतः, भाषा स्थानिक आणि नटवेपणा शून्य.

लोककला आली की मागोमाग सिद्धांत येतो. अमेरिकेत ॲबट थेअर नावाचे चित्रकार होते. प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट का, याचा त्यांनी चांगला उलगडा केला. वरून ऊन पडतं, खाली सावली पडते. रंग उलटे असले की दोन्हींची वजावट होते आणि प्राणी चपटा, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखा होतो. जमाखर्च जुळून शिल्लक शून्य, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधराला लगेच पटतं. पण सिद्धांत हाती लागलेला माणूस थांबत नाही. १९०९ साली थेअर पितापुत्रांचं पुस्तक आलं, त्यात सगळेच प्राणी लपवलेले! गुलाबी फ्लेमिंगोसुद्धा सूर्यास्ताच्या आकाशात दिसू नये म्हणून गुलाबी. यावर थिओडोर रूझवेल्ट चिडले. माजी राष्ट्राध्यक्ष, त्यातून आफ्रिकेतून शिकार करून नुकतेच आलेले. त्यांनी १९११ साली लांबलचक लेख लिहून या मताची चिरफाड केली. आपल्याकडे निवृत्त पुढारी आठवणी लिहितात. तिकडच्यांनी फ्लेमिंगोवर वाद घातला.

आता कॅटलॉग. १९८०च्या सुमारास जिम क्रमली यांनी झाडाच्या सालीसारखं कापड बाजारात आणलं. १९८६ साली जॉर्जियात बिल जॉर्डन यांनी 'रिअलट्री' काढलं, आणि त्याच वर्षी मिसिसिपीत टॉक्सी हास यांनी 'मॉसी ओक'. हास यांची गोष्ट सांगतात ती अशी, की जंगलातला पाला आणि माती पिशवीत भरून ते कापड गिरणीत गेले आणि म्हणाले, हे छापून द्या. तेव्हापासून ही कला वास्तववादी झाली. आता एकेका शर्टावर पानाच्या शिरा दिसतात, सालीच्या भेगा दिसतात. पाहून वाटतं, याला पाणी घालावं लागेल.

पण वास्तववादाचा नेहमीचा दोष इथंही आहे. तपशील फार. हातभर अंतरावरून शर्ट थेट झाड दिसतो. पन्नास पावलांवरून त्या बारीक शिरा आणि काटक्या एकमेकींत मिसळतात आणि उरतो एक काळपट डाग, नेमका माणसाच्या आकाराचा. उलट ज्यावर फिकट आणि गडद असे मोठमोठे ठसठशीत ठिगळवजा तुकडे आहेत, तो शर्ट दुकानात गबाळा दिसतो, पण लांबून खांद्याची रेघ तोडतो, छाती कुठं संपते ते कळू देत नाही. तरी खपतो कोण? शिरांवाला. कारण आरसा हातभरावर असतो, आणि पैसे हरीण देत नाही. भाच्यानं तर ऐन नोव्हेंबरासाठी गर्द हिरवा पसंत केला होता. झाडांवर पान नाही, आणि हा हिरवागार. "मामा, बघितल्यावर कोकण आठवलं रे."

गंमत म्हणजे हरणाची त्याबद्दल तक्रार नसावी. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या, हरणाच्या डोळ्यांत दोन. तांबड्यासाठीची जात त्याच्याकडे नाहीच. हिरवा, तपकिरी, नारिंगी हे त्याला एकाच घरातले भाऊ वाटतात. उजेड-अंधाराचा फरक मात्र त्याला चांगला कळतो, आणि निळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा जांभळा उजेडही त्याला जाणवतो. आणि इथं घात होतो तो धुलाईत. आपल्या आया कपड्यांना टिनोपाल घालायच्या ते आठवतं ना? तसला पांढरेपणा हल्लीच्या साबणाच्या भुकटीतच मिसळलेला असतो. तो नेमका तोच उजेड पकडून निळसर झळकवतो. हजारो रुपयांची सालपानं अंगावर घालावीत, कौतुकानं धुवावीत, आणि हरणापुढे ट्यूबलाइट होऊन उभं राहावं!

म्हणून या कपड्यांची निगा हा सोवळ्याचा प्रकार आहे. उजळवणारं द्रव्य नसलेल्या, वास नसलेल्या साबणानं, गार पाण्यात, वेगळे धुवायचे. बाहेर वाऱ्यावर वाळवायचे. झाकणाच्या घट्ट डब्यात जंगलातल्या पाल्याबरोबर ठेवायचे. ते घालून गाडीत बसायचं नाही, पेट्रोल भरायचं नाही, नाश्ता करायचा नाही. जंगलात पोचल्यावरच अंगात चढवायचे. कारण हरीण डोळ्यांआधी नाकावर विश्वास ठेवतं. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असला तर कुठल्याही छपाईचा उपयोग नाही. भाचा शनिवारी लसणाची फोडणी देऊन वरण करतो. त्या घरात लटकलेला कोट चार टेकड्यांपलीकडे मराठी बोलत असणार. कानाचंही तसंच. नायलॉन हलताना कुरकुरतं, म्हणून लोकर किंवा मऊ कापड बरं. आणि चिकटपट्टीचे खिसे काढून बटणं लावावीत, कारण पहाटेच्या शांततेत ती पट्टी उघडली तर धोतर फाटल्यासारखा आवाज होतो.

इथवर सगळं हरणाचं झालं. राहिला ताईचा प्रश्न. त्याचं उत्तर कॅटलॉगमध्ये कुठल्याशा मागच्या पानावर, कोपऱ्यात, सर्वांत स्वस्त वस्तू म्हणून छापलं होतं. एक झगझगीत नारिंगी बंडी. नक्षी नाही, पान नाही, कवीमन नाही. बंदुकीच्या हंगामात पेनसिल्व्हेनियाचा कायदा म्हणतो, डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी रंग चारी बाजूंनी दिसलाच पाहिजे. म्हणजे सोळा इंच बाय सोळा इंचाला जरा कमी. भाचा नाराज. "एवढा महाग सूट घेतला, आणि त्यावर हे रस्ता खणणाऱ्यासारखं घालायचं?"

मी त्याला वाघ आठवून दिला. वाघ हिरव्या रानात केशरी का, हा प्रश्न पडायला माणसाचा डोळा लागतो. चितळाला तोच केशरी हिरव्याच्या घरातला वाटतो आणि पट्टे त्याची आकृती मोडतात. म्हणजे नारिंगी अंगरखा घालून हरणापासून लपायची युक्ती आपल्या रानात केव्हाची रुळलेली आहे. त्या बंडीचं तसंच आहे. हरणाला ती मातकट दिसते, आणि बंदूक घेतलेल्या दुसऱ्या माणसाला टेकडीपलीकडून दिसते. संपूर्ण कॅटलॉगात दोन्ही वाचकांचा विचार करून लिहिलेली ही एकच कलाकृती आहे. बाकीच्यांना आपण कोणापासून लपायचं ते माहीत आहे. कोणाला दिसायचं ते माहीत नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीचे दरवाजे मिटले. पण पोशाख आलेच. ताडोबात पाहा, उघड्या जीपमध्ये सहा माणसं, सहाही जण पानापानांच्या टोप्या घालून, हातात तोफेएवढ्या दुर्बिणी आणि कॅमेरे. जीप घरघरते आहे, कोणीतरी चिवड्याची पुडी फोडतो आहे, आणि वाघ समोरून जाताना त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तिथं लपायचं नसतंच. आपण लपलो आहोत हे शेजारच्या जीपला दिसायला हवं असतं.

तेव्हा माझा अभिप्राय असा. गिली सूट अस्सल, छापील झाडी देखणी पण शब्दबंबाळ, साबणाचा वास अक्षम्य, आणि नारिंगी बंडी हंगामातली सर्वोत्कृष्ट. भाच्यानं मान्य केलं, आणि डिसेंबरात ताईला जंगलातला फोटो पाठवला. ताईनं चष्म्याशिवाय त्याला एका क्षणात शोधून काढलं, आणि बऱ्याच दिवसांनी नीट जेवली. हरीण मात्र त्याला तीन दिवसांत एकही दिसलं नाही. पाठ गडद, पोट पांढरं. त्याला कॅटलॉगची गरज नाही.