नागासाकीची सहल आणि राजोडीची बावखलं

मागच्या आठवड्यात एक अहवाल माझ्याकडे वाचायला आला. आपल्याच भागातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक गट जपानला जाऊन आला, त्यात दोन दिवस नागासाकीचे होते. चोवीस पानं, भरपूर फोटो. सोबत प्रश्न: "ताई, हे संशोधन म्हणून कुठे पाठवता येईल का?" उत्तर लांबलं. तुमच्यापैकी बरेचजण पेट-नेटच्या तयारीत आहात, तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून त्या मुलांना विचारून इथे मांडते.

आधी चांगलं काय ते. अहवालाची सुरुवात झकास आहे. ही मुलं नागासाकीत पहिल्यांदा निशिझाका टेकडीवर गेली. ५ फेब्रुवारी १५९७ ला तिथे सव्वीस ख्रिस्ती लोकांना क्रुसावर मारलं गेलं. त्यातला एक वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया. १८६२ मध्ये सगळ्यांना संतपद मिळालं आणि १९६२ मध्ये टेकडीवर स्मारक उभं राहिलं. राजोडीपासून वसई गावापर्यंत हे नाव कुणाला सांगावं लागत नाही. म्हणजे मुलांकडे स्वतःचा धागा होता: आपल्या गावचा माणूस, परका देश, आणि पुढे त्याच शहरावर पडलेला बॉम्ब.

सहाव्या पानावर मुलं अणुबॉम्ब संग्रहालयात शिरतात आणि धागा सुटतो. तिथून पुढचा अहवाल कुणीही, घरबसल्यासुद्धा, लिहू शकला असता. माझी खरी तक्रार ही आहे. तीन जागा दाखवते.

पहिली, आकडा. अहवालात लिहिलंय, "७३,८८४ लोक मरण पावले." आकडा बरोबर उतरवलाय. नागासाकी शहर १९४५ च्या अखेरपर्यंतच्या मृतांसाठी हाच आकडा देतं. पण थांबा. ९ ऑगस्ट १९४५, सकाळी ११:०२. वस्त्याच्या वस्त्या जळाल्या, काही घरांत कोण होतं हे सांगायला कुणी उरलं नाही. तिथे शेवटचा 'चार' कुठून आला? हिरोशिमा आपला आकडा देताना सुमारे १,४०,०००, अधिक-उणे १०,००० असं म्हणतं. मोजायचं दुःख दोन्ही शहरांचं सारखंच, पण एक आकडा आपली अनिश्चितता सांगतो, दुसरा झाकतो. अहवालात हे दोन्ही आकडे एकाच पानावर आहेत आणि कुणाला खटकलं नाही! एमएस्सीच्या प्रबंधात मी क्लोराइडचं प्रमाण दशांश चिन्हापुढे चार घरं लिहिलं होतं. मापनाची ऐपत एका घराची. तोंडी परीक्षेत सरांनी फक्त एवढंच विचारलं, "हे तू मोजलंस की कॅल्क्युलेटरने?"

दुसरी, दगड. बॉम्ब फुटला त्या बिंदूखालच्या उद्यानात उराकामी कॅथेड्रलच्या भिंतीचा तुकडा उभा आहे. मुलांनी त्याचा फोटो टाकून खाली लिहिलंय, "स्फोटानंतरही तग धरून उभी राहिलेली भिंत." तो तुकडा तिथला नाही. कॅथेड्रल तिथून साधारण अर्धा किलोमीटर दूर होतं. त्याचे भग्नावशेष १९५८ पर्यंत जागेवर उभे होते, ते पाडले, एक तुकडा उद्यानात आणला आणि १९५९ मध्ये जुन्या जागी नवं कॅथेड्रल झालं. अवशेष जपावेत असं शहरातल्या अनेकांचं म्हणणं होतं. चर्चला मात्र त्याच जागी पुन्हा प्रार्थना हवी होती, कारण जिथे पूर्वजांना धर्मासाठी छळलं गेलं तीच ती जमीन. हिरोशिमाचा घुमट राहिला आणि १९९६ मध्ये जागतिक वारसा झाला, नागासाकीचं कॅथेड्रल गेलं. म्हणजे आज जे दिसतं ते बॉम्बनंतर माणसांनी ठरवून ठेवलेलं आहे.

हे मी शहाणपणा मिरवायला सांगत नाही, याच खड्ड्यात मी पडलेय. पीएचडीच्या पहिल्या वर्षी राजोडी, नंदाखाल, आगाशी इथल्या बावखलांचं पाणी तपासलं. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून जमिनीत मुरवणारं आपल्याकडचं छोटं तळं. खारेपणा अपेक्षेपेक्षा कमी निघाला. मी खुश! आमच्या शेजारच्या काकांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "अगं, खारट झाली ती तर आम्ही भरणी टाकून बुजवली." मी उरलेलीच मोजत होते. वर्षभराचा निष्कर्ष फिरला. मग बुजवलेल्या जागांची यादी जुन्या माणसांना विचारत पुन्हा सुरुवातीपासून केली. शेतातली बावखलं असोत की युद्धाचे अवशेष, जे उरलं नाही त्याची नोंद कुठे मिळेल हा प्रश्न आधी विचारायचा.

तिसरी, चौकट. अहवालातलं युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये सुरू होतं आणि ऑगस्ट १९४५ मध्येच संपतं. कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता, मजुरीसाठी आणलेली कितीतरी कोरियन माणसंही या दोन्ही बॉम्बमध्ये मेली. हिरोशिमात त्यांचं स्मारक १९७० मध्ये उभं राहिलं ते शांती उद्यानाच्या बाहेर. आत यायला १९९९ उजाडलं. आज जाणाऱ्याला ते आतच दिसतं, मधली २९ वर्षं फोटोत येत नाहीत. बळींबद्दलची करुणा याने कमी होत नाही. उलट आणखी माणसं तिच्यात येतात.

मग हा अहवाल टाकून द्यायचा का? मुळीच नाही. माझा सल्ला: शेवटची अठरा पानं बाजूला ठेवा आणि पहिल्या सहा पानांतला धागा पुन्हा उचला. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंती जपल्या गेल्या, उराकामीत चर्च परत बांधलं गेलं. दोन्हीकडे कुणी ठरवलं, कुणाला विचारलं? हा प्रश्न वसईची मुलंच विचारू शकतात.

आणि ज्यांची सहल अजून व्हायचीय त्यांनी व्हिसाआधी एसटीने किल्ल्यावर जाऊन सराव करावा. १७३९ ची शरणागती पोर्तुगीजांच्या पंचांगाने १६ मे ला झाली. मुंबईच्या इंग्रजांसाठी तोच दिवस ५ मे होता, कारण त्यांनी कॅलेंडर बदललं ते १७५२ मध्ये. मराठी पत्रांत शक आणि तिथी. एकच दिवस, तीन नोंदी. किल्ल्यावर उभं राहून हे कळत नाही, पण हे माहीत असलं की किल्ल्यावर काय विचारायचं ते कळतं.

मुलांना मी एवढंच कळवलंय: पाठवू नका, पुन्हा लिहा. एकीचा लगेच मेसेज आला, "ताई, बुजवलेल्या बावखलांची यादी दाखवाल?" रविवारी येतेय ती राजोडीला.