पाळीपाळीच्या व्यूहखेळातील युद्ध आणि राजनय : नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासाच्या आधारे एक समीक्षा

सारांश : संगणकावर पाळीपाळीने खेळल्या जाणाऱ्या व्यूहखेळांत युद्धाबरोबर राजनयालाही स्थान असते. 'सिव्हिलायझेशन' या खेळमालिकेच्या सहाव्या आवृत्तीतील राजनयाची रचना प्रस्तुत लेखात कौटिल्याचा मंडलसिद्धांत आणि नागपूरकर भोसल्यांच्या इतिहासातील दोन प्रसंग यांच्या कसोटीवर तपासली आहे. युद्धात बाजूला राहणाऱ्या सत्तेचे महत्त्व खेळाच्या नियमांत पुरेसे उमटत नाही. अनेक माणसे एकमेकांविरुद्ध खेळू लागली म्हणजेच ते प्रकट होते, हे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : व्यूहखेळ, राजनय, मंडलसिद्धांत, आसन, नागपूरकर भोसले.

१. प्रस्तावना

आजच्या भंडारा जिल्ह्याचा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. वैनगंगेच्या काठच्या रयतेवर कोणाची सत्ता राहावी, हे पुष्कळदा त्या काठावर नव्हे, तर कटक, पुणे आणि वऱ्हाड येथे झालेल्या वाटाघाटींनी ठरत गेले. युद्ध आणि तह यांचा हा परस्परसंबंध विद्यार्थ्यांना समजावून देणे इतिहासाच्या अध्यापकास नेहमीच कठीण जाते. तहांच्या तारखा पाठ होतात. तह करणाऱ्यांपुढील पेच मात्र अपरिचित राहतो.

अशा वेळी संगणकावरील व्यूहखेळांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला 'सिव्हिलायझेशन' हा खेळ १९९१ मध्ये मायक्रोप्रोज या कंपनीने प्रसिद्ध केला. त्याची सहावी आवृत्ती २०१६ मध्ये आणि सातवी २०२५ मध्ये आली. प्रत्येक खेळाडू एका संस्कृतीचा प्रमुख होतो, नगरे वसवितो, सैन्य उभारतो आणि इतरांशी युद्ध वा मैत्री करतो. इतिहासाचे एक चित्र या खेळातून खेळणाऱ्याच्या मनात तयार होते. ते चित्र कितपत विश्वसनीय आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ करमणुकीचा राहत नाही.

२. खेळातील राजनयाची रचना

सहाव्या आवृत्तीत राजनयाची साधने विपुल आहेत. मैत्रीची घोषणा करता येते आणि ती तीस पाळ्या टिकते. त्या काळात मित्रावर युद्ध पुकारता येत नाही. २०१८ च्या पुरवणीत लष्करी, आर्थिक, सांस्कृतिक, धार्मिक व संशोधनविषयक असे युतीचे पाच प्रकार आले. सोने देऊन दुसऱ्याच्या हद्दीतून सैन्य नेण्याची परवानगी मिळविता येते. दोघांनी मिळून तिसऱ्यावर युद्ध पुकारण्याचीही सोय आहे. २०१९ च्या पुरवणीत तर 'गाऱ्हाण्यांचा' हिशेब आला. अचानक केलेले युद्ध, घेतलेले नगर, मोडलेले वचन या प्रत्येकाबद्दल आकडा वाढतो आणि पुढे पाळीगणिक तो कमी होत जातो.

संगणकाने चालविलेल्या राज्यप्रमुखांना ठराविक स्वभाव दिलेला असतो. चंद्रगुप्त मौर्याचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या विशेष सामर्थ्याचे नावच 'अर्थशास्त्र' आहे. ज्याची नगरे त्याच्या सीमेजवळ असतील, त्याच्यावर त्याची वक्रदृष्टी असते. दूरच्याशी तो सलोख्याने वागतो. शेजारी तो शत्रू, हे मंडलसिद्धांताचे सर्वपरिचित सूत्र खेळकर्त्यांनी येथे नेमके उचलले आहे. प्रश्न असा की, त्यांनी सिद्धांताचा पूर्वार्धच उचलला काय?

३. कौटिल्याच्या मंडलातील दुर्लक्षित स्थाने

अर्थशास्त्राचा संस्कृत पाठ आर. शामाशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रकाशित केला आणि मुंबई विद्यापीठातर्फे प्रा. आर. पी. कंगले यांनी १९६० नंतर त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या ग्रंथाच्या सहाव्या अधिकरणातील मंडल केवळ अरी आणि मित्र यांवर थांबत नाही. विजिगीषू व अरी या दोघांच्याही भूमीला ज्याची भूमी लागून आहे आणि जो दोघांनाही साहाय्य वा निग्रह करू शकतो, तो 'मध्यम'. या सर्वांच्या बाहेर असलेला आणि त्यांच्याहून बलवान तो 'उदासीन'. सातव्या अधिकरणातील षाड्गुण्यात संधी, विग्रह, यान, संश्रय व द्वैधीभाव यांच्या पंक्तीत 'आसन', म्हणजे स्वस्थ बसणे, हेही स्वतंत्र धोरण मानले आहे.

कौटिल्याच्या दृष्टीने स्वस्थ बसणे म्हणजे काहीच न करणे नव्हे; ती विचारपूर्वक केलेली राजकीय कृती होय. खेळाच्या नियमांत मात्र युद्धात न उतरणाऱ्याची स्वतंत्र नोंद नाही. युद्ध पुकारणाऱ्याच्या नावे गाऱ्हाणी जमा होतात. ऐन वेळी मदतीस न गेलेल्या शेजाऱ्याच्या नावे मात्र काही जमा होत नाही. ही उणीव किती मोठी आहे, हे नागपूरच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

४. मध्यमाची किंमत : १७८०-८१

पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात नाना फडणवीसांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले. भोसल्यांकडे बंगालवर स्वारीचे काम होते. नागपूरपासून छत्तीसगडमार्गे कटकपर्यंत पसरलेले त्यांचे राज्य पुणे आणि कलकत्ता यांच्या मधोमध होते. मध्यमाच्या व्याख्येत इतके चपखल बसणारे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाजी फौज घेऊन कटकेस पोहोचले; परंतु स्वारी लांबत गेली. वॉरन हेस्टिंग्जने पैसा देऊन ती थोपविली. पुढे १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची इंग्रज पलटण याच ओडिशातून मद्रासकडे निघून गेली, आणि तीही हैदरअलीविरुद्ध, म्हणजे भोसल्यांच्या कागदोपत्री मित्राविरुद्ध.

हा व्यवहार खेळात जसाच्या तसा करता येतो : सोने घ्यावे आणि हद्द खुली करावी. या बाबतीत खेळाची रचना वास्तवाला धरून आहे. तथापि नागपूरकरांचा बंगालच्या थकलेल्या चौथाईवर जुना दावा होता. त्यामुळे पुण्याच्या दृष्टीने जी फितुरी, ती नागपूरच्या दृष्टीने आपल्या हक्काची वसुली ठरू शकत होती. त्याच रकमेला इंग्रजांच्या दप्तरात तिसराच अर्थ असणार. खेळातील सोन्याला असे अर्थ नसतात. तेथे रक्कम केवळ रक्कम असते; प्रत्यक्ष राजनयात ती कोणत्या नावाने दिली-घेतली यावर पुढचा विश्वास अवलंबून असतो.

५. आसनाचा परिणाम : १८०३

दुसऱ्या प्रसंगी भोसल्यांची भूमिका पालटली. बाजीराव दुसऱ्याच्या कारकिर्दीत १८०१ मध्ये विठोजी होळकरांना पुण्यात देहान्त शासन झाले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पेशव्याने इंग्रजांचा आश्रय घेऊन ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. त्याविरुद्ध दौलतराव शिंदे आणि दुसरे रघूजी भोसले एकत्र आले. होळकर मात्र माळव्यात स्वस्थ राहिले.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. नोव्हेंबरात वऱ्हाडातील अडगावला पराभव झाला आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख गमावला. शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगाव येथे वेगळा तह केला. एकत्र लढलेल्यांनी तह मात्र एकेकट्याने केले. होळकर १८०४ मध्ये युद्धात उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत लढण्यास शिंदे वा भोसले राहिले नव्हते.

येथे गाऱ्हाण्यांचा खेळातील हिशेब अपुरा पडतो. खेळात गाऱ्हाणे पाळीगणिक झिजते. विठोजींचा वध दोन वर्षांत झिजला नाही. उलट, एकजूट सर्वाधिक आवश्यक असताना तो आड आला. होळकरांच्या आसनामागे केवळ सूड होता असे नव्हे. शिंद्यांचे बळ घटावे हा हिशेबही त्यामागे असू शकतो. परंतु सूड आणि हिशेब एकमेकांत मिसळतात, तेव्हा दोहोंना वेगळे आकडे देता येत नाहीत.

६. अनेक मानवी खेळाडूंचा डाव

वरील आक्षेप प्रामुख्याने संगणकाविरुद्ध खेळल्या जाणाऱ्या डावाला लागू पडतात. चार-सहा माणसे एकत्र खेळू लागली की चित्र पालटते. नियम तेच राहतात, पण नियमांत नसलेल्या गोष्टी डावात शिरतात. दोघे लढत असताना तिसरा आपली नगरे वाढवितो, हे उरलेल्यांच्या ध्यानात येते. मदतीचे तोंडी वचन देऊन न आलेल्याची आठवण पुढच्या डावातही राहते. पडद्यावरील आकडा शून्यावर आला तरी माणसाच्या मनातील गाऱ्हाणे शून्यावर येत नाही. मध्यम आणि उदासीन ही कौटिल्याची स्थाने खेळकर्त्यांनी न लिहिताही खेळणाऱ्यांच्या परस्परसंशयातून उभी राहतात. खेळाचे ऐतिहासिक सत्य शोधायचे तर ते त्याच्या राज्यप्रमुखांत न शोधता खेळाडूंच्या या वर्तनात शोधावे लागते.

अर्थात या साम्यालाही मर्यादा आहेत. खेळात सर्वांना एकच नकाशा, एकच नियम आणि एकच विजयाची व्याख्या असते. १८०३ मध्ये इंग्रज आणि मराठे सरदार एकाच गोष्टीला विजय म्हणत नव्हते. शिवाय युद्धाचा भार वाहणारी रयत खेळात 'युद्धाचा शीण' या एका आकड्यापुरती उरते. सातव्या आवृत्तीत राजनय 'प्रभाव' नावाच्या खर्चिक साठ्यावर चालतो. म्हणजे विश्वासालाही चलनाचे रूप देण्याची प्रवृत्ती वाढलीच आहे.

७. निष्कर्ष

'सिव्हिलायझेशन'च्या सहाव्या आवृत्तीत युद्धाची चौकट सविस्तर आहे. राजनयाची साधनेही पुष्कळ आहेत. परंतु आसनाचे राजकारण तिच्या नियमांबाहेर राहते. नागपूरच्या इतिहासात नेमके तेच निर्णायक ठरले. १७८१ मध्ये भोसले बाजूला राहिले, त्याची किंमत मित्रांनी मोजली. १८०३ मध्ये होळकर बाजूला राहिले, त्याची किंमत भोसल्यांनी मोजली. ज्या राज्यात भंडारा होता, ते आधी आक्रसले आणि १८५४ मध्ये खालसा झाले.

अध्यापनात या खेळाचा उपयोग करावयाचा झाल्यास तो संगणकाविरुद्ध न करता विद्यार्थ्यांच्या गटांमध्ये करावा आणि डाव संपल्यावर विजेत्याऐवजी बाजूला राहिलेल्याला प्रश्न विचारावेत : मदत का केली नाही, कोणत्या पाळीला ती करता आली असती, आणि न केल्याने पुढे काय गमावले? त्या उत्तरांनंतर देवगावचा तह वाचला, तर तो तारखेपलीकडे समजण्याची शक्यता अधिक आहे.